उत्तर कँटीनमध्ये आठवलं, म्हणजे ते डोक्यात होतंच

"बाई, मी बी. फार्मसीच्या तिसऱ्या वर्षाला आहे, कोल्हापुरात राजारामपुरीत राहते. मागच्या आठवड्यात फार्माकॉलॉजीचा व्हायवा, म्हणजे तोंडी परीक्षा, होता. जिन्यात अर्धा-पाऊण तास थांबल्यावर नंबर आला. बाहेरून आलेल्या सरांनी पहिलाच प्रश्न विचारला, 'पॅरासिटामॉलचा ओव्हरडोस झाला, उतारा काय देशील?' आदल्या रात्री ते पान मी चार वेळा वाचलं होतं. पिवळ्या हायलायटरने रंगवलेली चौकट होती. पण तिथं डोकं कोरं झालं. सरांच्या पेनचं टोपण चावलेलं होतं, टेबलाच्या काचेखाली जुनं कॅलेंडर होतं, हे सगळं अजून डोळ्यासमोर आहे, उत्तर मात्र आलं नाही. दीड-दोन तासांनी कँटीनमध्ये चहा घेताना ते आपोआप आलं आणि मला रडू फुटलं. मैत्रिणीने एक व्हिडिओ पाठवला. त्यात म्हणतात, ताणाने मेंदूतले सिनॅप्स, म्हणजे पेशींमधल्या जोडण्या, तुटतात, आठवणी घडवणारा हिप्पोकॅम्पस हा भाग आकसतो. माझं तसं झालंय का? तीन आठवड्यांनी पुन्हा व्हायवा आहे. दुसरी एक मैत्रीण म्हणते, आधी धडधड कमी करणारी प्रोप्रॅनोलॉलची गोळी घेऊन जा. त्या जिन्यापाशी गेले तरी आता हात गार पडतात. आईला अजून काही सांगितलेलं नाही."

प्रिय मुली,

तुझ्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तू सहज लिहून गेलीस. कँटीनमध्ये चहा घेताना उत्तर आपोआप आलं. त्यातच तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर आहे. तुटलेला सिनॅप्स एका कपभर चहाने जुळत नाही. अॅसिटिलसिस्टीन हे त्या उताऱ्याचं नाव तुझ्या डोक्यात होतं, व्हायवाच्या खोलीतही होतं. त्या वेळेपुरती त्याच्याकडे जायची वाट बंद झाली होती. ती का बंद झाली ते नीट समजून घेतलंस तर तीन आठवड्यांत काय करायचं हेही आपसूक कळेल. म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

दोन चेतापेशींमधली फट म्हणजे सिनॅप्स, हे तुला ठाऊक आहे. ही जोडणी वापराप्रमाणे घट्ट किंवा सैल होते, तिलाच सिनॅप्टिक प्लॅस्टिसिटी म्हणतात. नॉर्वेत ऑस्लोमध्ये तेरये लोमो यांना १९६६ साली सशाच्या हिप्पोकॅम्पसमध्ये हे पहिल्यांदा दिसलं. तिथल्या तंतूंना थोडा वेळ जलद विद्युत-स्पंदनं दिली, की पुढच्या पेशींचा प्रतिसाद वाढायचा आणि तासन् तास वाढलेलाच राहायचा. टिम ब्लिस यांच्याबरोबर त्यांनी हे काम १९७३ मध्ये छापलं. त्याला लाँग टर्म पोटेन्शिएशन, थोडक्यात एलटीपी, असं नाव पडलं. यात मुख्य काम एनएमडीए रिसेप्टरचं, म्हणजे पेशीवरच्या रासायनिक निरोप घेणाऱ्या एका दाराचं, तुमच्या पुस्तकात केटामीन जिथे जाऊन बसतं तोच हा. त्याच्या तोंडाशी मॅग्नेशियमचं बूच असतं. अलीकडची पेशी ग्लुटामेट हे निरोपाचं रसायन सोडते आणि त्याच क्षणी पलीकडची पेशीही चेतलेली असते, तेव्हाच ते बूच निघतं. मग कॅल्शियम आत शिरतं आणि पृष्ठभागावर एएमपीए नावाचे आणखी रिसेप्टर आणून बसवले जातात. जोडणी घट्ट झाली. कॅल्शियम थोडंथोडं, रेंगाळत आलं, तर उलट होतं. रिसेप्टर आत ओढून घेतले जातात आणि जोडणी सैल पडते, त्याला लाँग टर्म डिप्रेशन, म्हणजे एलटीडी, म्हणतात. दोन्ही कामं निरोगी मेंदू दिवसभर करत असतो.

आता तुझ्या जिन्यात ये. तू अर्धा-पाऊण तास थांबलीस असं लिहिलंयस. आतून रडत येणाऱ्या मुली बघत, प्रत्येकीला 'काय विचारलं गं?' म्हणत थांबली असशील, माझ्याही विद्यार्थिनी असंच करायच्या. त्या वेळात तुझ्या शरीरात दोन लाटा आल्या. पहिली काही सेकंदांतच आली. अॅड्रेनॅलीनने छाती धडधडली, तळवे ओले झाले आणि मेंदूत नॉरअॅड्रेनॅलीन वाढलं. दुसरी लाट कॉर्टिसॉल या ताणाच्या संप्रेरकाची, ती सावकाश चढते. ताण सुरू झाल्यापासून साधारण वीस ते तीस मिनिटांत रक्तातलं प्रमाण शिगेला पोचतं. म्हणजे तुझ्या नावाचा पुकारा झाला तेव्हा ही लाट ऐन भरात होती.

हा वेळेचा हिशोब महत्त्वाचा आहे. १९९८ साली द क्वेर्व्हें, रोझेंडाल आणि मॅकगॉ यांनी उंदरांना पाण्याच्या टाकीत बुडलेला फलाट शोधायला शिकवलं. दुसऱ्या दिवशी परीक्षा. काहींना परीक्षेच्या दोन मिनिटं आधी पायाला विजेचा हलका झटका दिला, काहींना तीस मिनिटं आधी, काहींना चार तास आधी. दोन मिनिटंवाल्यांना फलाट आठवला, चार तासवाल्यांनाही आठवला. अडखळले ते तीस मिनिटंवाले. शिकलेलं पुसलं गेलं असतं, तर चार तासांनंतरही ते सापडायला नको होतं. पुढे २००० साली माणसांवरही हेच तपासलं. आदल्या दिवशी पाठ केलेले शब्द आठवण्याआधी कॉर्टिसोनची, म्हणजे शरीरात कॉर्टिसॉल बनणाऱ्या औषधाची, गोळी दिली, तर कमी शब्द आठवायचे. तुझी खुर्ची आणि तुझा चहा यांच्यामधलं अंतर बघ. चहापर्यंत लाट ओसरली होती.

कॉर्टिसॉल थेट सिनॅप्सवर काय करतं, तेही सांगते. हिप्पोकॅम्पसमध्ये या संप्रेरकाचे रिसेप्टर ठासून भरलेले आहेत, हे ब्रूस मॅकइवेन यांनी १९६८ सालीच दाखवलं होतं. १९८७ मध्ये ताणाखालच्या उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये एलटीपी नीट होत नाही असं दिसलं. पाच वर्षांनी डेव्हिड डायमंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रमाण मोजून पाहिलं. कॉर्टिकोस्टेरॉन, म्हणजे उंदरांचं कॉर्टिसॉल, अगदी कमी असतानाही जोडणी फार घट्ट होत नाही आणि फार जास्त झाल्यावरही नाही, मधल्या पातळीला सगळ्यात चांगली होते. जुलैत आपण सकाळी उठून आधी पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी विचारतो ना? एकोणचाळीस फुटांना इशारा, त्रेचाळीसला धोका. नदीला पाणी हवंच, पण पातळी बघावी लागते. थोडा ताण असल्याशिवाय तू त्या रात्री पुस्तक उघडून बसलीच नसतीस.

आणि कपाळामागचा भाग, प्रीफ्रंटल कॉर्टेक्स? विचार लावणं, शब्द शोधून काढणं, चुकीचं उत्तर अडवणं ही कामं त्याची. नॉरअॅड्रेनॅलीन बेताचं असेपर्यंत तो उत्तम चालतो, पूर आल्यासारखं वाढलं की त्याच्या जोडण्या काही काळ मंदावतात आणि सूत्रं जुन्या, झटपट चालणाऱ्या भागांकडे जातात. समोर कुत्रं गुरगुरत आलं तर हे बरंच आहे. बाहेरचे परीक्षक समोर असले की याचाच त्रास होतो.

आता त्या चावलेल्या टोपणाबद्दल. उत्तर आलं नाही आणि टोपण मात्र मनावर कोरलं गेलं, हे तुला विचित्र वाटलं. पण एकाच प्रक्रियेची ही दोन टोकं आहेत. ताणात अॅमिग्डाला हा मेंदूतला भीतीची नोंद ठेवणारा भाग जागा होतो आणि नॉरअॅड्रेनॅलीनच्या मदतीने त्या क्षणी जे घडतंय त्याच्या जोडण्या एरवीपेक्षा सहज घट्ट होतात. तासाभराने कॉर्टिसॉलचा सावकाश, जनुकांमार्फत होणारा परिणाम सुरू होतो आणि नवीन काही घट्ट व्हायला जास्त जोर लागू लागतो. आत्ताचं पक्कं लिहा, मग वही बंद करा, असं ते आहे. जुनं वाचून दाखवायला त्या वेळी कुणी मोकळं नसतं.

हे मी पुस्तकापलीकडेही अनुभवलंय. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आम्ही शाहूपुरीत कुंभार गल्लीजवळ राहत होतो. पाणी चढायला लागलं तेव्हा शेजारचे लोक गणपती महिन्यावर आले म्हणून अर्धवट रंगवलेल्या मूर्ती माडीवर नेत होते. माझ्याही हातात एक दिली. तिच्या एका डोळ्याची आखणी झाली होती, दुसरा नुसता पांढरा होता. ती मूर्ती मला आज, हे लिहितानाही, जशीच्या तशी दिसते. त्याच वेळी मुलगा खालून ओरडत होता, 'आई, रेशनकार्ड कुठंय?' मीच ठेवलेलं, दहा वर्षं एकाच जागी. मला आठवेना. आठ दिवसांनी दुसऱ्याच्या घरी भाजी चिरताना आठवलं, शिलाईच्या डब्याखाली. तोवर त्याचा लगदा झाला होता. तुझं पत्र वाचताना मला पहिल्यांदा तो डोळाच आठवला.

त्या व्हिडिओने दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत केली आहे. हिप्पोकॅम्पसमधल्या पेशींच्या फांद्या आखडतात, हे खरं आहे. १९९२ मध्ये मॅकइवेन यांच्या प्रयोगशाळेत उंदरांना एकवीस दिवस रोज कोंडून ठेवल्यावर ते दिसलं. तो दिवसेंदिवस चालणारा, जुनाट ताण. कोंडणं थांबल्यावर त्या फांद्या पुन्हा वाढतात, हेही तिथलंच निरीक्षण, पण ते व्हिडिओत सांगत नाहीत. एका व्हायवाने असलं काही होत नाही.

पण एकदाच आलेल्या ताणाची खूण राहतच नाही, असं मात्र मी म्हणणार नाही, कारण ते खोटं होईल. बंगळुरूला सुमंत्र चट्टर्जी यांच्या प्रयोगशाळेने २००५ मध्ये उंदरांना एकदाच, दोन तास, हलता येणार नाही असं धरून ठेवलं. दुसऱ्या दिवशी अॅमिग्डालात काही फरक नव्हता. दहा दिवसांनी तिथल्या पेशींवर, सिनॅप्स जिथे जुळतात ते बारीक काटे वाढलेले होते आणि उंदीर जास्त बिचकत होते. तुझा ताण त्या उंदरांइतका नव्हता. तरी जिन्यापाशी हात गार पडतात ते मनाचे खेळ नव्हेत. अॅमिग्डाला शिकलाय. त्याला आता दुसरंही काहीतरी शिकवायचं आहे, आणि ज्या लवचीकपणामुळे तो हे शिकला त्याच लवचीकपणामुळे तेही शिकेल.

म्हणून पहिलं काम जिन्याचं. त्या जिन्यावर कारण नसताना जा. आठवड्यातून चार-पाच वेळा, कुणाचा व्हायवा नसताना, मैत्रिणीबरोबर डबा खायला बस. सुरुवातीला छाती धडधडेल. ती कमी होईपर्यंत उठू नकोस, धडधडत असतानाच पळालीस तर जिना वाईट हाच धडा पक्का होतो. लॅबच्या बाईंना विचारून त्या टेबलासमोरच्या खुर्चीवर बसून बघ. डब्लिनला रोवन आणि आन्विल यांच्या गटाने १९९७ मध्ये दाखवलं, की अनोळखी, भेदरवणाऱ्या जागी ठेवल्यावर उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये जोडण्या सैल पडणं सोपं होतं, आणि त्या जागेची आधी सवय करून दिली तर हा परिणाम होत नाही. खोलीची ओळख ही फालतू गोष्ट नाही.

दुसरं काम सगळ्यात मोठं, आणि इथे मी थोडी कडक होणार आहे. तू ते पान चार वेळा वाचलंस. वाचणं आणि आठवणं या मेंदूच्या दोन वेगळ्या क्रिया आहेत, आणि परीक्षेत लागते ती दुसरी. पिवळी चौकट चौथ्यांदा डोळ्याखालून गेली की ती ओळखीची वाटते आणि आपल्याला येतंय असा भास होतो. तुझ्या कुणा भावाने गंगावेशीत कुस्तीची तालीम केली असेल तर त्याला विचार. वस्ताद डाव एकदा दाखवतो, दोनदा दाखवतो. तिसऱ्यांदा म्हणतो, 'आता तू लाव.' चुकला की पुन्हा 'लाव.' दमला, श्वास चढला, तरी 'लाव.' खासबागेत हजारो माणसं ओरडत असताना तो डाव हाताला येतो तो अशाने. डाव दहा वेळा नुसता पाहिलेला पोरगा त्या मैदानात उभा राहणार नाही.

प्रयोगातही हेच दिसलं. २०१६ मध्ये अमेरिकेत टफ्ट्स विद्यापीठात १२० जणांना शब्द आणि चित्रं पाठ करायला दिली. निम्म्यांनी पुन्हा पुन्हा पाहून पाठ केली, निम्म्यांनी न पाहता आठवून. दुसऱ्या दिवशी त्यातल्या काहींना परीक्षकांसमोर तयारीशिवाय भाषण आणि तोंडी गणितं करायला लावली, आणि पंचवीस मिनिटांनी, कॉर्टिसॉल चढल्यावर, पाठांतर विचारलं. पाहून पाठ करणारे ताणाने मागे पडले. आठवून पाठ करणाऱ्यांवर ताणाचा परिणाम दिसला नाही. तुझ्या जागी मी असते तर हे एकच वाक्य भिंतीवर चिकटवलं असतं.

तेव्हा आजपासून पुस्तक मिटून अभ्यास. धडा एकदा वाच, मिटव, कोऱ्या कागदावर आठवेल ते लिही, मग उघडून काय राहिलं ते बघ. आठवेना म्हणून लगेच उघडू नकोस. अर्धं मिनिट तसंच त्रास घे, त्या त्रासातच जोडणी घट्ट होते. तेच दोन दिवसांनी, मग आठवड्याने. आणि उत्तरं तोंडाने, मोठ्यांदा, उभं राहून द्यायची, कारण व्हायवा तोंडी आहे. शेवटच्या आठवड्यात ओळख नसलेल्या कुणाला तरी, वरच्या वर्गातल्या मुलीला किंवा शेजारच्या काकांना, प्रश्नांचा कागद देऊन समोर बसव. त्यांना फार्माकॉलॉजी यायची गरज नाही, नुसतं तोंड गंभीर ठेवायला सांग.

खुर्चीत बसल्यावर तुझ्या हातात काय आहे, हेही ठरवून ठेव. १९८९ मध्ये ट्रेसी शोर्स यांनी उंदरांच्या जोड्या घेतल्या. दोघांना धक्के सारखेच, पण एकाला ते थांबवता यायचे, दुसऱ्याला नाही. थांबवता न येणाऱ्याची एलटीपी फार खालावली, पहिल्याची तेवढी नाही. वीज तीच, वेळ तोच. मी तीस वर्षं शरीरक्रियाशास्त्र शिकवलं आणि टेबलाच्या पलीकडच्या खुर्चीवरही पुष्कळ बसले, त्या अनुभवावरून सांगते. 'सर, एक मिनिट विचार करून सांगते' असं म्हणणाऱ्या मुलीचा एकही मार्क मी कधी कापला नाही. वाईट वाटायचं ते गप्प, खाली मान घालून बसलेल्यांचं, कारण त्यांना काय येतं हे कळायला मार्गच नसायचा. शब्द आला नाही तर आजूबाजूचं बोलायला लाग: पॅरासिटामॉलने यकृतावर काय होतं, यकृताला सांभाळणारं ग्लुटाथायोन कसं संपतं, ते भरून काढायला काय लागेल. बोलता बोलता तूच अॅसिटिलसिस्टीनपाशी पोचशील. पुस्तकातलं एक टोक धरून ओढलं की बाकीचं त्याच्या मागून येतं.

नंबर येईपर्यंत जिन्यात घोळक्यात थांबू नकोस. खाली झाडाखाली बस, श्वास हळू सोड, आत घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लाव. आणि आदल्या रात्री झोप. दिवसभर घट्ट केलेल्या जोडण्या झोपेत पक्क्या होतात, जागून केलेला चौथा वाचनफेरा त्याची भरपाई करत नाही.

प्रोप्रॅनोलॉलबद्दल: घेऊ नकोस, निदान मैत्रिणीच्या सांगण्यावरून तर नाहीच. हाताची थरथर, छातीची धडधड त्याने कमी होते हे खरं, आणि काही डॉक्टर तपासून अशा प्रसंगासाठी देतातही. पण दम्याच्या माणसाला बीटा ब्लॉकर, म्हणजे या जातीचं औषध, काय करतं हे तू मला सांगायला हवंस. नाडी आणि रक्तदाब आधीच कमी असेल तर उभं राहताना चक्कर येऊ शकते. दुसरं असं, की हे औषध आठवणींच्या कामातही हात घालतं. १९९४ मध्ये केहिल आणि मॅकगॉ यांनी काही लोकांना ते देऊन अपघाताची एक गोष्ट सांगितली, तर एरवी पक्का बसणारा तिचा भावनिक भाग त्यांना कमी आठवला. उद्या तू दुकानात उभी राहशील आणि कुणीतरी चिठ्ठीशिवाय हीच गोळी मागेल. तेव्हा तू त्याला जे सांगशील तेच आज स्वतःला सांग.

जिन्यावर दोन-तीन आठवडे बसूनही हात गार पडायचे थांबले नाहीत, किंवा झोप उडाली, जेवण जाईना, कॉलेजलाच जावंसं वाटेना, तर उशीर करू नकोस. सीपीआर रुग्णालयात मनोविकार विभाग आहे, आणि केंद्र सरकारच्या टेलीमानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतून बोलता येतं.

राहिली आई. तिला आजच सांग. नापास झाले, उत्तर येत होतं पण तोंडातून निघालं नाही, असं सरळ सांग. लपवून ठेवलेली गोष्ट रोज जेवताना पुन्हा नव्याने ताण देते, आणि तो व्हिडिओ ज्या ताणाबद्दल बोलत होता तो असा रोजचाच असतो. सांगून झालं की तिच्यापुढे चाळीस प्रश्नांची वही ठेव, मागे उत्तरं लिहिलेली. ती भाकरी थापत असेल तर वही डब्याला टेकवून उभी करता येईल. तिने कुठलंही पान उघडायचं आणि विचारायचं, तू ओट्याशी उभी राहून उत्तर द्यायचं. औषधांची नावं ती चुकीची उच्चारेल, तू ती दुरुस्त करत जा. रोज एका भाकरीमागे एक प्रश्न, एवढं पुरे आहे.

तुझी,
बाई